प्राण्यांच्या आवाजांचा पियानो : दुरुस्तीच्या नोंदी

७ जून २०२५

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर आहे. दहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं असतात. तिथल्या काकूंनी आज कापडी पिशवीतून एक खेळणं आणून दिलं. "बघ गं, याचं काही होतंय का. मुलं दिवसभर शोधतात."

वीतभर रुंदीचा प्लॅस्टिकचा पियानो. खाली आठ पट्ट्या, वर सहा गोल बटणं : गाय, कोंबडा, कुत्रा, बदक, घोडा, मांजर. प्रत्येक बटणाखाली एक एलईडी. मागे स्पीकरची जाळी आणि तीन पेन्सिल सेलचा कप्पा.

उघडण्याआधी काकूंना नीट विचारून घेतलं, कारण खेळणं कुठल्या क्रमाने बिघडत गेलं हे मल्टीमीटर (व्होल्टेज, प्रवाह, रोध मोजायचं यंत्र) सांगत नाही. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. आधी गाय रुसली. जोरात दाबलं तरच हंबरायची, मग तेही बंद झालं. पावसाला सुरुवात झाल्यावर कोंबडा आपोआप आरवायला लागला, तोही नेमका दुपारी मुलं झोपलेली असताना. नवे सेल चार दिवसही पुरेनात. आवाज घोगरा आणि लांबट होत गेला. शेवटी सगळंच शांत. मग ते कपाटावर ठेवून दिलं, सेल आतच.

लांबट आवाजाचं कारण तिथेच सांगता आलं. अशा खेळण्यात आवाज चिपमध्ये साठवलेला असतो आणि तो कोणत्या वेगाने वाचायचा हे चिपचं घड्याळ ठरवतं. स्वस्त चिपमध्ये घड्याळाला अचूक ठोके देणारा क्रिस्टल नसतो, एका रेझिस्टरवर (प्रवाह अडवणाऱ्या साध्या भागावर) भागवलेलं असतं. सेल उतरले की व्होल्टेज पडतं, घड्याळ मंदावतं आणि मांजराचं म्याव रेड्याच्या आवाजात येतं. तेव्हा स्पीकर गेला असं समजून खेळणं टाकून देऊ नये. पहिला संशय सेलवर घ्यावा.

सेलचा कप्पा उघडला. झाकणाला स्क्रू होता, पण आटे झिजलेले, नखानेही निघाला. हे वेगळं टिपून ठेवते. आत तिन्ही सेल फुटलेले. स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर, पत्र्यावर हिरवट डाग.

८ जून

आधी सेलचा प्रकार पाहिला. सेल गळला की व्हिनेगर लावा, हे सगळीकडे डोळे झाकून सांगितलं जातं. ते अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे, कारण त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि ते आम्लाने मारावं लागतं. पण आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल बहुतेक वेळा झिंक-कार्बनचे असतात. त्यांत झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड असतं आणि ते स्वतःच आम्लधर्मी असतं. त्यावर व्हिनेगर ओतणं म्हणजे गंजाला हातभार. हे सेल झिंक-कार्बनचेच निघाले, म्हणून खायचा सोडा पाण्यात कालवून इयरबडने लावला, ओल्या फडक्याने पुसला, मग पुन्हा कोरडं केलं. हातात मोजे घातले होते आणि हे सगळं ओट्यापासून लांब, गॅलरीत केलं.

स्वच्छ झाल्यावर खरं रूप दिसलं. दोन स्प्रिंगांवरचा निकेलचा मुलामा गेलेला. काळी वायर पत्र्याच्या डाखापाशी हिरवी पडलेली. ओढून पाहायचीही गरज नव्हती, हलवताच निघून आली.

मग पाठ उघडली. स्क्रू सहा. पाच चौफुलीचे, एक तीन कोनी डोक्याचा, आणि चौफुलीतला एक स्टिकरखाली लपलेला. स्टिकर बोटाने दाबत गेलं की खड्डा लागतो, तिथेच तो असतो. सगळे निघाल्याशिवाय पातं घालून कवच उचकटायचं नाही, आतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या तडकतात आणि पुढे स्क्रू कधीच घट्ट बसत नाही. पुठ्ठ्यावर खेळण्याची बाह्यरेषा काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. सगळे सारखे दिसतात, पण स्पीकरजवळचे दोन आखूड आहेत. तिथे लांब स्क्रू गेला तर पुढच्या बाजूने टोक बाहेर येईल.

आतलं सामान थोडकं आहे. तपकिरी रंगाचं एकपदरी पीसीबी (सर्किट छापलेला बोर्ड), मधोमध चिपवर ओतलेला काळ्या इपॉक्सीचा थेंब, दोन वायरी स्पीकरला, दोन सेलला. बटणांखाली एकसंध रबरी गादी. आणि बिस्किटाचा चुरा, वाळलेलं दूध, एक केस, भाताचं शीत. दहा महिन्यांच्या मुलाचं जग तोंडातून सुरू होतं, ते सगळं इथवर झिरपलेलं.

वरचं कवच आणि रबरी गादी कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत वाळत घातली. स्पीकरची वायर सोडवून पीसीबी वेगळं काढून ठेवलं.

१० जून

मोजमाप. आधी स्पीकर, कारण ते सगळ्यात सोपं. मागे ८ ओहम छापलेलं, मीटरवर ७.६ आले. डीसी रोध लिहिलेल्यापेक्षा थोडा कमीच दिसतो, तेव्हा हे ठीक. एका सेलची टोकं क्षणभर टेकवली तर खट्‌ असा आवाज, पडदा हलतो. स्पीकर उत्तम.

मग स्पीकर पुन्हा जोडला आणि तीन नवे सेल वेगळ्या होल्डरमध्ये घालून थेट पीसीबीला जोडले. चिप जिवंत! स्वागताची धून वाजली आणि मला खरंच हायसं वाटलं. काळ्या थेंबाखालची चिप गेली असती तर घरी करण्याजोगं काही नव्हतं. तिला पाय नसतात, केसाहून बारीक तारांनी ती बोर्डाला जोडून वरून कायमची झाकलेली असते.

आता कोंबडा. गादी अजून वाळत होती, म्हणजे कुठलंही बटण दाबलेलं नव्हतं. तरी दर थोड्या वेळाने कोंबडा आरवत होता, आणि मीटरवर प्रवाह काही मिलिअँपिअरवरून खाली येत नव्हता. अशी चिप काही सेकंद कोणी बटण दाबलं नाही की झोपी जाते आणि मग ती जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेते. ही झोपतच नव्हती.

प्रत्येक बटणाखाली बोर्डावर काळ्या कार्बनच्या शाईने छापलेले दोन पट्टे असतात, एकमेकांत बोटं घातलेले पण न टेकणारे. रबराच्या खालची काळी टिकली त्यांवर दाबली गेली की दोन्ही जोडले जातात, एवढंच त्या बटणाचं काम. सेल काढून कोंबड्याच्या पट्ट्यांमध्ये रोध मोजला. तो अनंत यायला हवा होता, आला ४० किलोओहमच्या आसपास. भिंगातून पाहिलं तर पट्ट्यांच्या मधल्या फटीत पिवळट चकाकी. लाळ आणि दूध वाळलेलं. कोरड्या हवेत हा थर फारसा त्रास देत नाही, पण त्यातले क्षार पावसाळ्याच्या दमट हवेत ओल धरतात आणि वीज वाहू देतात. चिपला वाटतं कोणीतरी बटण दाबून धरलंय.

म्हणजे काकूंनी सांगितलेला क्रम अगदी बरोबर जुळतो. लाळ झिरपली, कोंबड्याचं बटण अर्धवट दाबल्यासारखं राहिलं, चिप जागी राहिली, सेल भराभर उतरले, उतरलेले सेल आतच राहून फुटले, फुटलेल्या सेलने वायर खाल्ली. गाय सोडली तर चार वेगवेगळ्या तक्रारी आणि मूळ एकच. वायर तेवढी जोडून खेळणं परत दिलं असतं तर पुढच्या पावसातही नाही, याच पावसात ते परत आलं असतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इयरबड बुडवून हलक्या हाताने फट पुसली. पॉलिश पेपर अजिबात नाही. ते काळे पट्टे म्हणजे धातू नव्हे, शाईचा थर आहे, आणि घासला तर निघून येतो. वाळल्यावर पुन्हा मोजलं, मीटर अनंत दाखवतो. कोंबडा गप्प. काही सेकंदांत प्रवाह इतका खाली गेला की मिलिअँपिअरच्या श्रेणीत शून्य दिसला.

१४ जून

गाय. गादी वाळली. प्रत्येक टिकलीवर मीटरच्या दोन्ही काड्या टेकवून पाहिलं. घोडा, मांजर, बदक, कुत्रा, कोंबडा सगळे काहीशे ओहमच्या आत. गायीची टिकली १२ किलोओहम. डोळ्यांनाही फरक दिसतो : बाकीच्या काळ्याभोर आणि मऊ, गायीची मधून राखाडी, गुळगुळीत झालेली. काकू म्हणतातच, सगळ्यांना आधी गाय हवी असते. ज्या बटणावर सगळ्यांचं प्रेम, तेच झिजणार.

उपाय तीन होते. मऊ पेन्सिल घासून ग्रॅफाइट चढवणं : लगेच चालतं, पण इतक्या वापरात आठवडाभर टिकेल आणि निघालेली पूड बोर्डावर पसरेल, म्हणजे पुन्हा कोंबड्याची कथा. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवणं : चालतं, पण धातू कडक, छापलेल्या शाईला झिजवतो, आणि सुटला तर खेळण्यात खुळखुळत फिरून शॉर्ट करू शकतो. तिसरा उपाय म्हणजे जुन्या टीव्ही रिमोटच्या गादीतली टिकली काढून इथे बसवणं. मापही जवळजवळ सारखं असतं आणि साहित्यही तेच. हाच करायचा.

बंद पडलेल्या रिमोटमधलं कधीच न वापरलेलं एक बटण निवडलं. (रिमोटवर अशी बटणं भरपूर असतात.) टिकलीची मोजणी २०० ओहमच्या आत. ब्लेडने तळापासून पातळ कापली, गायीची जुनी टिकलीही तितकीच खरवडली, नाहीतर उंची वाढून बटण कायमचं दाबलेलं राहील. चिकटवायला सिलिकॉन सीलंटच लागतं. फेव्हीक्विकसारखा डिंक सिलिकॉन रबराला धरत नाही, दोन दिवसांत पापडी होऊन सुटतो. नेहमीच्या सीलंटला वाळताना व्हिनेगरचा वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा, आणि तांब्याला तो बाधतो. म्हणून गादी बोर्डापासून दूर, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर ठेवायची. बोर्डाला लावायची घाई नाही.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत. पेठांमधले रस्ते बंद, पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन सुटे भाग आणणं शक्यच नाही, आणि आज तिकडे त्या कामासाठी जावंसंही वाटत नाही. टिकलीचा वास गेला आहे. बोटाने तिरपी ओढून पाहिली, पक्की आहे. बोर्डावर ठेवून दाबली तर पहिल्या हलक्या दाबाला गाय हंबरली. बदकाचा एलईडी मिणमिणतो आहे, बाकी पाचांचे लख्ख.

काकूंनी त्याच पिशवीत आणखी एक वस्तू दिली होती, ती आज पाहिली. बडबडगीतांचं पुठ्ठ्याचं पुस्तक, पानावरचं चित्र दाबलं की गाणं. आत तीन बटण सेल, आणि त्या कप्प्याचं झाकण नुसतं खाचेत अडकवलेलं, स्क्रूच नाही. एक खाच तुटलेली. पुस्तक आपटलं की सेल बाहेर.

हे मी दुरुस्त करणार नाही. सेल काढून घेतले, कप्पा कापून टाकला. पुस्तक म्हणून ते छान आहे, गाणी काकू म्हणतील.

कारण इथे नीट लिहून ठेवते, पाळणाघरात येणाऱ्या पालकांनाही दाखवता येईल. बटण सेल गिळला गेला तर धोका सेल फुटून रसायन बाहेर येण्याची वाट पाहत नाही. सेल अन्ननलिकेत अडकतो, ओल्या अस्तरातून त्याच्या दोन टोकांमध्ये प्रवाह सुरू होतो आणि ऋण टोकापाशी तिथल्या तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं. ते मांस जाळतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि बाहेरून मूल फक्त लाळ गाळतंय, खात नाही, खोकतंय एवढंच दिसतं. सर्वांत वाईट ते ३ व्होल्टचे २० मिलिमीटरचे लिथियम सेल, कारण आकाराने ते नेमके लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतात आणि व्होल्टेज दुप्पट. पण पुस्तकातले छोटे दीड व्होल्टचेही निर्धोक नव्हेत. "संपलेला" सेलही नव्हे, खेळणं वाजवण्याइतका जीव नसला तरी जाळण्याइतका उरलेला असतो. शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट रुग्णालयात नेऊन एक्स-रे.

काढलेले सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले.

२५ जून

काल बाजारात जाऊन आले. बारीक पदरांची लवचिक वायर, सेल कप्प्याच्या स्प्रिंगा आणि पत्रे, २२ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, आणि शिसं नसलेलं सोल्डर मिळालं. दुकानदार म्हणाले, साधं घ्या ताई, याला तापमान जास्त लागतं. खरं आहे. साधं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, हे कथील-चांदी-तांब्याचं २१७ च्या पुढे. पण जिथे प्रत्येक वस्तू चाटली जाते त्या खेळण्यात नवीन शिसं मी घालणार नाही, ते कवचाच्या आत असलं तरी.

जास्त तापमानाचा त्रास या बोर्डाला होतो. तपकिरी बोर्ड म्हणजे राळ पाजलेला कागद. त्यावरचं तांबं फार वेळ तापलं की सालीसारखं सुटून येतं. म्हणून आधी टोक स्वच्छ, वायरीवर आधीच सोल्डर चढवलेलं, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) भरपूर, आणि दोन-तीन सेकंदांत सोल्डरिंग आयर्न उचलायचं. चारही डाख चकचकीत नाहीत. या सोल्डरचे डाख थोडे मंदच दिसतात, त्यावरून ते कच्चे समजायचे कारण नाही. ओढून पाहिले, मीटर लावून पाहिले, ठीक.

वायरी सहसा डाखापाशीच तुटतात, कारण सोल्डर शोषून तिथे त्या कडक झालेल्या असतात आणि आपटण्याचा सगळा धक्का त्या एका जागी येतो. सेलच्या वायरी कवचाच्या खुंटीला एक वेढा देऊन नेल्या आणि हॉट ग्लूचा थेंब सोडला. ओढ खुंटीला बसेल, डाखाला नाही.

२८ जून

आवाज. काकूंनी जाळीवर चिकटपट्टीचे थर लावले होते, कारण नवीन असतानाच खेळणं फार मोठ्याने वाजायचं. दीड वर्षाचं मूल असं खेळणं मांडीवर घेत नाही, स्पीकर कानाला लावून बसतं. चिकटपट्टीचा विचार बरोबर होता, पण तिचा कोपरा मुलं सोलतात आणि तोंडात घालतात. ती काढली, गोंद पुसला.

तिच्याऐवजी स्पीकरच्या एका वायरीत २२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरच्या वाट्याला आता ३० पैकी ८ भागच व्होल्टेज येतं, म्हणजे हिशेबाने सुमारे ११ डेसिबलची घट. साडेचार व्होल्ट सलग लागले असं सर्वांत वाईट धरलं तरी रेझिस्टरमध्ये अर्ध्या वॅटच्या आतच उष्णता होते, म्हणून अर्ध्या वॅटचा पुरतो. फोनवरच्या ॲपचा आकडा खरा मानत नाही, पण त्याच फोनने, त्याच अंतरावरून, आधी आणि नंतर घेतलेला फरक उपयोगी पडतो : दहाच्या आसपास कमी. मी स्वतः जाळीला कान लावून कोंबडा ऐकला. दचकायला होत नाही, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येतो.

३० जून

बंद करणं. याला मी दुरुस्तीइतकाच वेळ देते. वाजायला लागलेलं खेळणं आणि बाळाच्या हातात देण्याजोगं खेळणं यांत अजून बरंच काम असतं.

प्लॅस्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा. एका जागी टक्‌ करून किंचित खाली बसतो, तिथे जुने आटे सापडले. मग सुलटा, हलक्या हाताने. थेट सुलटा आवळला की तो नवे आटे कापतो आणि दोन-तीन उघडझापीत नळी पोकळ होते. सेलच्या झाकणाची नळी तशीच पोकळ झालेली होती. तिथे मागून पितळी नट बसवून वरून मशीनचा स्क्रू घातला. आता पेचकसाशिवाय उघडत नाही.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, विजेवरच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. या पियानोवर चिन्ह आहे. पण ते चिन्ह कारखान्यातून निघालेल्या वस्तूचं, मी उघडलेल्या वस्तूचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान भागांची एक नळी ठरलेली आहे, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरपा. जो सुटा भाग तिच्यात पूर्ण मावतो तो गुदमरवू शकतो. कार्डशीटची तशी नळी करून ठेवली आहे. मग खेळण्याची प्रत्येक कड नखाने ओढली, बटणं चिमटीत धरून उपसायचा प्रयत्न केला, सतरंजीवर कमरेच्या उंचीवरून सगळ्या बाजूंनी आपटलं. एक निघालं : घोड्यावरचा पारदर्शक गोल तुकडा, नळीत सहज मावणारा. तो परत चिकटवला नाही, काढूनच टाकला. खालचं चित्र छापलेलं आहे, घोडा दिसतो.

वरून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसलं. आपटल्यानंतर पुन्हा सगळी बटणं, सगळ्या पट्ट्या वाजवल्या. शांत असतानाचा प्रवाह या वेळी मायक्रोअँपिअरच्या श्रेणीत मोजला : ५.

५ जुलै

पियानो पाळणाघरात परत गेला. सव्वा वर्षाचा एक छोटा थेट गायीवर गेला, मग दुसऱ्या हाताने कोंबडा, मग तोंड टेकवून पट्ट्या चाटल्या. लाळ पुन्हा झिरपणार हे धरूनच चालायचं. काकूंना सांगितलं : कोंबडा आपोआप आरवला की मला त्याच दिवशी हाक मारा, सेल काढून ठेवा.

"आणि दिवाळीच्या सुट्टीत?" त्यांनीच विचारलं. तेव्हाही सेल बाहेर. तिन्ही एकदम बदलायचे, जुन्यात नवा मिसळायचा नाही. तिघांतला सर्वांत अशक्त सेल आधी रिता होतो, बाकीचे दोन त्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि फुटतो तोच. कप्प्याच्या झाकणाच्या आतून सेल घातल्याची तारीख पेनाने लिहून दिली.

उरलेलं काम : बदकाच्या एलईडीचा रेझिस्टर पाहायचा आहे. शिवाय रिचार्जेबल सेल घालून पाहायचे. तीन मिळून ३.६ व्होल्टच होतात, त्यावर गायीचा आवाज किती उतरतो ते ऐकायचं. फार उतरला नाही तर काकूंचा सेलचा खर्च वाचेल.